हायड्रॉलिक ऑइल: स्वच्छ दिसतं, पण असतं का?

जेसीबीचं बकेट असो की कारखान्यातला प्रेस, जोर लावतं ते दाबाखालचं तेल. त्यात कचरा गेला की मशीन बंद पडतं.

गंमत म्हणजे हा कचरा दिसतच नाही. साधारण ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि सर्व्हो व्हॉल्व्हमधल्या फटी असतात जेमतेम १ ते ५ मायक्रॉनच्या! तिथे अडकलेले कण धातू घासतात, त्यातून आणखी कण तयार होतात.

म्हणून तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ कोडने मोजतात. उदा. १८/१६/१३. म्हणजे १ मिलीलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, याचे तीन आकडे. आकडा १ ने वाढला की कणांची मर्यादा दुप्पट होते.

काय काळजी घ्याल?

- नव्या बॅरलमधलं तेलसुद्धा फिल्टरमधूनच टाकीत भरा. सीलबंद म्हणजे स्वच्छ असं नाही.
- टाकीत हवेसोबत धूळ जाऊ नये म्हणून ब्रीदर वेळेवर बदला.
- फिल्टर तुंबल्याचा इंडिकेटर दिसला की लगेच बदला. नाहीतर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं.
- तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय असं समजा.