अंश आणि छेद

पोळीचे चार सारखे तुकडे करा आणि त्यातले तीन ताटात वाढा. ताटात आली ३/४ पोळी. ‘छेद’ हा शब्द संस्कृत ‘छिद्’ म्हणजे कापणे या धातूतला. म्हणून खालचा चार सांगतो, कापून तुकडे किती केले. ‘अंश’ म्हणजे वाटा. वरचा तीन सांगतो, वाट्याला किती आले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ. स. ११५०) हे शब्द आहेत. तेव्हा अंश वर, छेद खाली असाच लिहीत. मधली आडवी रेघ मात्र नसे.

आणि ‘पाऊण’? ते मूळचे ‘पादोन’: पाद म्हणजे पाव, ऊन म्हणजे कमी. एकाला पाव कमी! मुलांकडून नियम घोकून घेण्याआधी हे शब्द उकलून दाखवावेत. अर्थ उमगला की वर काय, खाली काय, हा गोंधळ उरत नाही.