कमरेचा पेला कुणाचा?

श्रोतेहो, आजचा विषय म्हटला तर अगदी किरकोळ आहे. पेला. तोही हातातला नव्हे, कमरेला लटकवलेला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. तिकडे 'रेनेसाँ फेअर' नावाच्या जत्रा भरतात, त्यांचे फोटो तुमच्याकडे कधी ना कधी आले असतील. मोकळ्या जागेत सोळाव्या शतकातलं इंग्रजी गाव उभं केलेलं असतं. भाले घेऊन घोडेस्वार झुंजतात, एलिझाबेथ राणीची स्वारी निघते, आणि तिकीट काढून येणारी माणसंसुद्धा मखमली डगले, पिसांच्या टोप्या, घेरदार झगे घालून येतात. त्या फोटोंत एक गोष्ट हमखास दिसते. सरदार असो, चाचा असो की दूधवाली, पट्ट्याला चामड्याच्या वादीने एक मग अडकवलेला असतो. लाकडाचा, शिंगाचा, मातीचा किंवा कथलाचा. मग कमरेला आहे म्हणजे माणूस नेहमीचा, मुरलेला. नाही म्हणजे नवखा.

आम्हांला पडलेला प्रश्न साधा आहे. खऱ्या सोळाव्या शतकात असा पेला कमरेला लावून कोण फिरत होतं?

आधी जत्रेचं बघू. अशी पहिली जत्रा मे १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला भरली. फिलिस पॅटरसन या शिक्षिका मुलांना अंगणात नाटक शिकवायच्या. त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी ती उभी केली. निमित्त होतं केपीएफके या श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्रासाठी पैसे जमवण्याचं. ते दोन दिवस इतके रंगले की पुढे ती दर वर्षी भरू लागली, आणि मिनेसोटा, टेक्सास अशी देशभर लोण पोचलं. मग पट्ट्यावर कसा आला ते यातच कळतं. दिवसभर ऊन, धूळ आणि पायपीट. तहान लागणारच. पण हातात कागदी पेला आला की सोळावं शतक तिथेच संपलं. शिवाय जत्रेत कुंभारांचे आणि चामडं-लाकूडकाम करणाऱ्यांचे गाळे असतात. हौसेने मग घेतला, आता ठेवायचा कुठे? मखमली डगल्याला खिसा नाही. लावा पट्ट्याला! काही ठिकाणी आरोग्याच्या नियमांमुळे दुकानदार गिऱ्हाइकाच्या भांड्यात थेट ओतत नाही. तो प्लास्टिकच्या पेल्यात देतो, आणि सरदारसाहेब ते आपल्या मगात ओतून घेतात. म्हणजे प्लास्टिक काही चुकत नाही, फोटोत येत नाही एवढंच. (हशा)

आता खऱ्या सोळाव्या शतकाकडे येऊ. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ साली इंग्लंडचं वर्णन छापलं. जेवणाखाण्याबद्दल इतकं बारकाईने लिहिणारा माणूस त्या काळात दुसरा सापडणं कठीण. तो सांगतो की बड्यांच्या पंगतीत पेले सहसा टेबलावर मांडलेलेच नसत. ज्याला प्यायचं असेल त्याने सांगायचं, सेवकाने पेला भरून आणायचा, पिऊन झालं की परत द्यायचा. सेवक उरलेलं ओतून टाकून पेला जागेवर ठेवी. जिथे ठेवी ती फळी म्हणजे पेल्यांचा 'बोर्ड'. आपल्या घरातलं 'कबर्ड' ते हेच. हॅरिसनला ही पद्धत आवडत होती, कारण समोर पेला नसला की उगाच घोट-घोट पिणं होत नाही. मात्र नाइट किंवा चांगल्या उत्पन्नाचा जमीनदार यांच्या खालच्या घरांत ही चैन नव्हती, हेही तो नोंदवतो. म्हणजे काय, तर मोठेपणाची खूण पेला जवळ बाळगणं ही नव्हती, पेला दुसऱ्याने आणून देणं ही होती.

मग कमरेला काय असायचं? पुरुषांच्या सुरी आणि पैशाची पिशवी. बायकांच्या किल्ल्या, सुगंधी द्रव्याची डबी, श्रीमंतीण असेल तर चिमुकलं प्रार्थनापुस्तक. सुरी पाहुणा स्वतःची आणत असे. चमचासुद्धा. ब्रूगेलचं शेतकऱ्यांच्या लग्नाचं चित्र आहे, साधारण १५६७ सालचं, व्हिएन्नाच्या संग्रहालयात. त्यात वाढप्याने चमचा टोपीतच खोचला आहे. पण पेय मात्र सगळ्यांचं. डाव्या कोपऱ्यात एक माणूस मोठ्या सुरईतून लहान सुरया भरतो आहे. गुत्त्यातही भांडी गुत्तेवाल्याची. तिथे 'ब्लॅक जॅक' असत, म्हणजे आतून डांबर-राळ लावलेले चामड्याचे काळे मग. १६३५ मध्ये थॉमस हेवूड लिहितो की ते बघून फ्रेंच लोक मायदेशी जाऊन सांगत, इंग्रज बुटातून पितात.

एकच भांडं या तोंडून त्या तोंडी जायचं, हे ऐकून आपल्याला कसंतरी होतं. आपल्याकडे उष्ट्याचा विचार आधी. वरून पिणं, प्रवासाला फिरकीचा तांब्या बरोबर नेणं, यामागे स्वच्छता होती तशीच जातही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. कोणाच्या हातचं आणि कोणाच्या भांड्यातलं, हा आपला प्रश्न. तिकडे तो प्रश्न हुद्द्याचा होता: पेला आणून देणारा कोणी आहे का?

आणि नसेल त्याने काय करावं? त्याने स्वतःचं भांडं सांभाळावं. 'मेरी रोझ' ही आठव्या हेन्रीची युद्धनौका १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये वर काढली गेली. तिच्यात लाकडी वाडगे, फळ्या जोडून केलेले मग, चामड्याच्या बाटल्या सापडल्या, आणि कित्येक भांड्यांवर मालकांनी कोरलेल्या खुणा. खलाशाला दिवसाला गॅलनभर बीअर मिळे. भांडं हरवून कसं चालेल? यात्रेकरूंच्या चित्रांत काठी, शिंपला आणि पाण्याचा भोपळा दिसतो. आणि भिकाऱ्यांकडे झाकणाचा लाकडी वाडगा असे. झाकण आपटून आवाज करायचा, लोकांचं लक्ष वेधायचं. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'मध्येही तो येतो. बेघर भटक्यांबद्दल त्या राज्यात दया फार नव्हती. १५७२ च्या कायद्याने चौदा वर्षांवरच्या भटक्याला फटके मारून त्याच्या उजव्या कानाची पाळी तापल्या लोखंडाने भोसकायची शिक्षा ठेवली होती. ज्या राणीची स्वारी जत्रेत निघते, तिच्याच राज्यातला हा कायदा.

तर मखमल आणि वाडगा एकाच अंगावर, हे सोंग खोटंच म्हणायचं? इंग्लंडपुरतं बोलायचं तर जवळजवळ हो. पण समुद्रापलीकडे एक गोष्ट घडली, आणि आमच्या मते ती या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची.

नेदरलँड्सवर तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचं राज्य. धर्मद्रोहाच्या नावाखाली माणसं जाळली जात होती. ५ एप्रिल १५६६ रोजी दोनशेहून अधिक सरदार ब्रसेल्समध्ये राजप्रतिनिधी मार्गारेटसमोर अर्ज घेऊन गेले. ती घाबरली. तेव्हा तिचा सल्लागार बर्लेमाँ म्हणाला म्हणे, या भिकाऱ्यांना काय भ्यायचं? तीन दिवसांनी कुलेमबोर्गच्या वाड्यात मेजवानी झाली. ब्रेडेरोडेने गळ्यात भिकाऱ्याची झोळी घातली, लाकडी वाडग्यात मद्य ओतलं आणि 'भिकाऱ्यांच्या' नावाने प्याला. शिवी तीच बिरुदावली झाली. सरदार करड्या जाड्याभरड्या कपड्यांत, कमरेला लाकडी वाडगा लावून हिंडू लागले. पदकं पाडली गेली. त्यांवर राजाचा मुखवटा आणि झोळी उचलण्याची वेळ आली तरी राजनिष्ठ राहू अशा अर्थाचे शब्द, आणि पदकाला लटकणारे इवलेसे वाडगे.

पुढचं हसण्यासारखं नाही. १५६७ मध्ये आल्वाचा ड्यूक फौज घेऊन आला. १५६८ मध्ये एग्मॉन्ट आणि हॉर्न या दोघा बड्या सरदारांची मुंडकी उडवली गेली, आणि जिथे तो वाडगा फिरला होता तो वाडा जमीनदोस्त केला गेला. उरलेले समुद्रावर गेले. १ एप्रिल १५७२ रोजी या 'समुद्री भिकाऱ्यांनी' ब्रील बंदर घेतलं आणि बंडाला पाय ठेवायला जमीन मिळाली. स्पेनने त्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं ते १६४८ मध्ये.

म्हणून कोणी जत्रेला निघालं असेल आणि विचारत असेल, तर आमचं उत्तर असं. सरदाराचं सोंग घेणार असाल तर मग बरोबरच्या मित्राकडे द्या आणि हाक मारून मागवा. स्वतःच लटकवायचा असेल तर करडे कपडे घाला, लाकडी वाडगा लावा आणि ब्रसेल्सचे आहोत म्हणून सांगा. काळा चामड्याचा मग घेतलात तर त्यात गरम कॉफी तेवढी घेऊ नका. आतली राळ वितळते.