बिनपगारी कोशकार

दह्याला इंग्रजीत ‘योगर्ट’ म्हणतात हे शाळेतले पोरही सांगेल. पण तो शब्द लिहिताना त्यात ‘एच’ हे अक्षर घालावे की गाळावे, यावर शहाण्यासुरत्या माणसांनी वर्षानुवर्षे भांडावे ही गोष्ट मी घरी सांगितली, तेव्हा मंडळींनी मलाच वेड्यात काढले. पण गोष्ट खरी आहे. विकिपीडिया या सार्वजनिक ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीत दह्यावर एक लेख आहे. अमेरिकेतल्या मंडळींना त्याच्या मथळ्यात एच नको होता आणि इंग्लंडकडच्यांना तो हवा होता. मथळा बदलला गेला, परत फिरवला गेला, पुन्हा बदलला गेला. कौल घेतले गेले. दोन्ही पक्षांनी शब्दकोश आणून समोर आदळले. अखेरीस २०११ साली एच गेला तो गेलाच. एवढ्या अवधीत दह्याचे ताक होऊन कढीदेखील झाली असती! पण हसू आवरल्यावर एक गोष्ट लक्षात येते. या भांडणासाठी कोणालाही कोणी कवडी दिलेली नव्हती. दिवसाचे काम उरकून, रात्री दिव्याखाली बसून माणसे हे करीत होती. जगातला सर्वांत मोठा कोश उभा राहिला आहे तो या हौशी, हट्टी आणि बिनपगारी माणसांच्या खांद्यावर. हे कसे घडले, ते सांगण्याचा या लेखात विचार आहे.

कोश म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहते, ती डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरकी घेऊन आलेल्या या पुरुषाने १९१६ च्या सुमारास नागपुरास ज्ञानकोशासाठी मंडळी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि पुढे पुण्यास बिऱ्हाड हलवून १९२० पासूनच्या सात-आठ वर्षांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले. साहाय्यक होते, नाही असे नाही. परंतु तो कोश केतकरांचा. त्यातली मते केतकरांची, आणि त्यांतली काही विक्षिप्त म्हणून गाजली तीही केतकरांचीच. राज्यस्थापनेनंतर मराठी विश्वकोशाचे काम वाईस सुरू झाले, तेव्हा त्याची धुरा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे आली. पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि विसावा निघायला २०१५ साल उजाडले. म्हणजे कोश हे एका तपस्व्याचे अथवा सरकारमान्य विद्वन्मंडळाचे काम, अशीच आपली समजूत, आणि ती गैरही नव्हे.

हीच समजूत अमेरिकेतल्या जिमी वेल्स यांचीही होती. सन २००० च्या मार्चमध्ये त्यांनी आपल्या कंपनीमार्फत ‘न्युपीडिया’ नावाचा, संगणकाच्या जालावर फुकट वाचावयास मिळणारा कोश काढला, आणि त्याचे मुख्य संपादक म्हणून लॅरी सँगर या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकास नेमले. व्यवस्था मोठी चोख होती. लेखक व परीक्षक त्या त्या विषयातले खरेखुरे तज्ज्ञ असावेत, शक्यतो डॉक्टरेट मिळवलेले असावेत, आणि प्रत्येक लेख परीक्षणाच्या सात पायऱ्या चढून मगच प्रसिद्ध व्हावा, असा दंडक होता. परिणाम काय झाला? सप्टेंबर २००३ मध्ये न्युपीडिया बंद पडला, तेव्हा सातही पायऱ्या चढून गेलेल्या लेखांची संख्या जेमतेम दोन डझन होती. विद्वान मंडळी हो म्हणत. पण सवड काढून लिहायला बसत नसत, आणि पगार नसताना त्यांना धाक तरी कोण घालणार?

यावर तोडगा निघाला तो भलत्याच ठिकाणी. वॉर्ड कनिंगहॅम नावाचे एक संगणकतज्ज्ञ होते. त्यांनी १९९५ साली, वाचणाऱ्यालाच जागच्या जागी दुरुस्ती करता येईल अशी पाने तयार करण्याची एक युक्ती काढली होती. नाव काय द्यावे याचा विचार करताना त्यांना होनोलुलूच्या विमानतळावरची बस आठवली. तिथे एका इमारतीतून दुसरीत जाण्यासाठी जी गाडी असे, तिला ‘विकी विकी’ म्हणत. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. आपल्याकडे असती तर ‘चटकन्’ म्हटले असते. २००१ च्या जानेवारीच्या आरंभी सॅन डिएगो येथे एका मित्राबरोबर जेवताना सँगर यांनी या युक्तीची हकीकत ऐकली, आणि न्युपीडियाला कच्चा माल पुरवणारे एक अंगण म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया उघडला. कल्पना अशी की, हौशी लोकांनी अंगणात काय वाटेल ते लिहावे आणि त्यातले निवडक धान्य पंडितांनी पाखडून कोठारात न्यावे. पण वर्षअखेर अंगणात सुमारे वीस हजार लेख जमले आणि अठरा भाषांत कामे सुरू झाली. कोठार रिकामे राहिले ते राहिलेच.

माझ्यापाशी मॅट्रिकच्या प्रमाणपत्राखेरीज विद्वत्तेची दुसरी मिळकत नाही. त्यामुळे न्युपीडियाच्या दारातून मला कोणी आत घेतले नसते, आणि विकिपीडियाच्या दारात कोणी अडवले नसते, एवढी गोष्ट मला या इतिहासाकडे ओढून न्यायला पुरेशी झाली. लोक म्हणतील, मास्तर, तुमच्यासारख्यांना मोकळे रान मिळाले तर कोशाचे काय होईल? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर या पंचवीस वर्षांच्या हकीकतीतच शोधले पाहिजे.

या कोशातल्या प्रत्येक पानामागे त्याचा इतिहास जपलेला असतो. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द घातला वा काढला, ते सगळे नोंदलेले. कोणी पान बिघडवले तर दुसऱ्याने कळ दाबावी आणि आधीचे रूप परत आणावे. नासधूस करायला जेवढा वेळ लागतो त्याहून ती निस्तरायला कमी लागतो, ही यातली खरी मेख. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक लेखाच्या पाठीशी चर्चेचे पान. भांडण लेखात न करता तिथे करावे. बाल्टिक समुद्राकाठच्या एका शहराला पोलिश लोक ग्दान्स्क म्हणतात आणि जर्मन लोक डान्झिग. ज्या शहराच्या नावावर दुसऱ्या महायुद्धाची पहिली ठिणगी पडली, त्याच्यावर इथे युद्ध न होते तर नवल! नाव रोज बदलले जाई. अखेर २००५ साली मतदान होऊन ठरले की, १३०८ ते १९४५ या काळाविषयी लिहिताना डान्झिग लिहावे आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या काळाविषयी ग्दान्स्क. गावांच्या नावांवरून आणि सीमांवरून आपल्याकडे काय काय झाले आहे, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निकालाचे मोल कळेल.

पण बिनपगारी माणसाला काही स्वाभिमान नसतो असे कोणी समजू नये. २००२ च्या फेब्रुवारीत सँगर यांचा पगार भागवण्यासाठी कोशावर जाहिराती घ्याव्या लागतील असे बोलणे निघाले. स्पॅनिश भाषेतले कार्यकर्ते खवळले. आम्ही फुकट राबावे आणि आमच्या श्रमांवर दुसऱ्याने दुकान मांडावे, हे त्यांना मंजूर नव्हते. ते आपले लेख घेऊन बाहेर पडले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने त्यांनी स्वतंत्र कोश मांडला. लेखन मुक्त परवान्याचे होते. कोणी अडवू शकत नव्हते. स्पॅनिश विकिपीडिया पुढे बराच काळ रोडावला होता. वेल्स यांना जाहिराती नकोत असे जाहीर करावे लागले, आणि २००३ च्या जूनमध्ये सारा कारभार एका धर्मादाय संस्थेकडे, विकिमीडिया फाउंडेशनकडे, गेला. आज त्या पानांवर साबणाची वा मोटारीची जाहिरात दिसत नाही, याचे बरेचसे श्रेय त्या रुसून गेलेल्या स्पॅनिश मंडळींना आहे असे मला वाटते. सँगर स्वतः २००२ च्या मार्चमध्येच सोडून गेले होते. पुढे त्यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखालचा निराळा कोश काढून पाहिला, पण तो काही फुलला नाही.

आता काळी बाजू. जॉन सीगेन्थॅलर हे अमेरिकेतले एक वृद्ध व प्रतिष्ठित संपादक. तरुणपणी ते रॉबर्ट केनेडींचे साहाय्यक होते, आणि केनेडींच्या अंत्ययात्रेत शवपेटीला त्यांनी खांदा दिला होता. २००५ च्या मे महिन्यात एका अनोळखी इसमाने थट्टा म्हणून विकिपीडियावर लिहिले की, दोन्ही केनेडी बंधूंच्या खुनात या गृहस्थांचा हात असल्याचा एकेकाळी संशय होता. हे वाक्य चार महिने तसेच राहिले. हजारो राखणदारांपैकी एकाचीही नजर त्याच्यावर गेली नाही. सीगेन्थॅलर यांनी नोव्हेंबरअखेर वर्तमानपत्रात लेख लिहून जगाला ही हकीकत सांगितली. कळ दाबून वाक्य पुसता येते हे खरे. पण चार महिने ज्यांनी ते वाचले त्यांच्या मनातून ते कोणी पुसायचे? त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने निनावी माणसांना नवे लेख सुरू करण्याची बंदी केली, आणि हयात व्यक्तींविषयीचे नियम कडक झाले.

त्याच डिसेंबरात ‘नेचर’ या नियतकालिकाने विज्ञानावरचे बेचाळीस लेख विकिपीडियातून आणि तेवढेच ब्रिटानिकातून घेऊन, नाव न सांगता, तज्ज्ञांकडून तपासून घेतले. गंभीर चुका दोहोंत चार-चार निघाल्या. बारीकसारीक धरून विकिपीडियात १६२, ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकाने तपासणीच सदोष असल्याची तक्रार केली. मला मात्र या आकड्यांत नवल वाटले ते ब्रिटानिकाच्या १२३ चे. त्या सोनेरी पाठीच्या खंडांत चूक असू शकते असे आमच्या पिढीला कोणी सांगितलेच नव्हते. २०१२ मध्ये ब्रिटानिकाने छापील आवृत्ती थांबवली, त्या वेळी तिचे वय २४४ वर्षांचे होते.

दुसरी एक गोष्ट मला अधिक बोचते. विकिपीडियावरचा एक नावाजलेला कार्यकर्ता आपण धर्मशास्त्राचे प्राध्यापक आहोत असे सांगत असे. एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने २००६ साली त्याचा तसा उल्लेखही केला. पुढल्या वर्षी उघडकीस आले की, तो चोवीस वर्षांचा, कसलीही डॉक्टरकी नसलेला तरुण होता. त्याचे काम चांगले होते, असे त्याच्यावर रागावलेलेही म्हणत. ज्या दारात पदवी कोणी विचारीत नव्हते, तिथे तो खोटी पदवी लावून का गेला असेल? कारण वादात ती उपयोगी पडत होती. दार सर्वांना खुले केले तरी माणसाच्या मनातला प्राध्यापकांचा दरारा जात नाही. त्याला सारे सोडून जावे लागले.

आणि राखणदार नेमले की दार पुन्हा अरुंद होऊ लागते. कॅनडातल्या डॉना स्ट्रिकलंड या पदार्थविज्ञान-संशोधिकेवर कोणीतरी लेखाचा मसुदा केला होता. २०१८ च्या मे महिन्यात तो नाकारला गेला. कारण काय, तर त्यांच्याविषयी इतरत्र पुरेसे छापून आलेले नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पदार्थविज्ञानात हा मान मिळवणारी ती तिसरी स्त्री. मागची १९६३ सालची. जाहीर होताच काही तासांत लेख हजर! परीक्षकाने नियम मोडला नव्हता. जगाने ज्यांच्याविषयी छापले नाही, त्यांच्याविषयी कोशाने तरी काय म्हणावे, हा पेच आहे.

हाच पेच आपल्या दारात उभा आहे. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी. आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. इंग्रजीने २०२० सालीच साठ लाखांचा आकडा ओलांडला. तुलना करून खंत करण्यात अर्थ नाही. मला कौतुक वाटते ते तिथल्या शब्दांचे. सर्वांनी मिळून विचारविनिमय करायच्या पानाला तिथे ‘चावडी’ म्हणतात, आणि नवख्याने लिहून-पुसून हात बसवायच्या जागेला ‘धूळपाटी’. धुळीत बोटाने अक्षरे गिरवणारी आपली पणजोबांची पिढी या शब्दातून संगणकात येऊन बसली आहे. शेजारी गोव्यात विद्यापीठाने आपल्या चार खंडांच्या कोंकणी विश्वकोशाला २०१३ साली मुक्त परवाना दिला, आणि २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया उघडला.

पण समजा, माझ्यासारख्या एखाद्या मास्तराने आपल्या गावावर लेख लिहायला घेतला. जत्रा केव्हा भरते, पालखीचा मान कोणाचा, वरच्या आळीची विहीर कोणत्या दुष्काळात खणली, हे त्याला तोंडपाठ आहे. आईने सांगितले, आजीने सांगितले. कोश विचारतो, छापील आधार काय? सीगेन्थॅलर यांची हकीकत ऐकल्यावर हा प्रश्न चुकीचा आहे असे कोण म्हणेल? मास्तर गप्प होतो. मग केतकरांचे खंड पाहतो. ते आता जालावरही मिळतात, पण त्यांत एवढेसे गाव कुठून असणार? शेवटी त्याच्या हाती लागते ते जेम्स कॅम्बेल या इंग्रज अधिकाऱ्याने सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी संपादिलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर. त्यात गावाला चार ओळी दिलेल्या असतात. शिरगणती, एक देऊळ, आठवड्याचा बाजार. मास्तर त्या चार ओळी मराठीत आणतो, खाली तळटीप देतो, ‘सातारा जिल्ह्याचा खंड, १८८५’, आणि विहिरीची गोष्ट वहीत लिहून ठेवतो.