लेबल झाकलं तेव्हा

निवृत्त फौजी आज रेड वाइनवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण आपली वाट नेहमीप्रमाणे इतिहासाचीच आहे. ज्यांनी कधी थेंबही घेतला नाही, त्यांच्याही उपयोगाची ही गोष्ट आहे.

तारीख २४ मे १९७६, ठिकाण पॅरिस. तिथे वाइनचं दुकान चालवणारा स्टीव्हन स्पुरियर हा इंग्रज गृहस्थ. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं होत होती. त्या निमित्तानं त्यानं फ्रेंच जाणकारांना कॅलिफोर्नियाची वाइन चाखायला बोलावलं आणि ऐन वेळी सुचवलं, लेबलं झाकून चाखू. परीक्षकांनी मान डोलावली. रेड वाइन एकूण १०: बोर्दोच्या ४, कॅलिफोर्नियाच्या ६. गुण २० पैकी.

बोर्दोचा दबदबा समजून घ्या. तिथल्या नामवंत वाइनची श्रेणी १८५५ मध्ये ठरली, तीही बाजारभावावरून. त्यानंतर ती जवळजवळ कोरून ठेवल्यासारखी राहिली. शातो मुतों रोथशिल्डला दुसऱ्यावरून पहिल्या श्रेणीत यायला १९७३ साल उजाडलं. आमच्या फौजेतही बढती इतकी रखडत नाही!

आता चाखतात कसं? पेला पांढऱ्या कागदासमोर तिरका धरायचा. तरुण वाइन जांभळट दिसते, मुरलेली विटकरी. मग वास. मग छोटा घोट जिभेवर घोळवायचा. फार उकळलेल्या चहासारखा जो तुरटपणा हिरड्यांना जाणवतो, तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. समुद्राजवळच्या, थंडसर हवेतल्या द्राक्षांत आंबटपणा जास्त टिकतो. भरपूर उन्हात गोडी वाढते आणि वाइन भरदार होते. शेवटी घोट थुंकून टाकायचा आणि चव किती वेळ रेंगाळते ते पाहायचं.

नियम सोपे, पण लेबल नसलं की भल्याभल्यांची फजिती होते. आधीच्या पांढऱ्या वाइनच्या फेरीत एका परीक्षकानं कॅलिफोर्नियाचा घोट घेऊन समाधानानं म्हटलं, की आता आपण फ्रान्सला परत आलो. त्या फेरीत पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मोंटेलेना. रेडच्या फेरीत परीक्षक सावध झाले होते. तरीही नापा खोऱ्यातली स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ सालची काबेर्ने सोव्हिन्यों अगदी थोड्या फरकानं पहिली आली. मुतों दुसरी. विजेत्या वाइनचा मळा लावला होता १९७० मध्ये! एका परीक्षिकेनं आपली गुणपत्रिका परत मागितली. स्पुरियरनं दिली नाही. हजर असलेला एकमेव पत्रकार म्हणजे ‘टाइम’चा जॉर्ज टेबर. त्याच्यामुळे बातमी जगभर गेली.

फ्रेंचांचं म्हणणं पडलं, की आमची वाइन मुरल्यावर खुलते, थांबा आणि बघा. ३० वर्षं थांबून, २००६ मध्ये त्याच रेड वाइन लंडन आणि नापा इथे पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे.

याचा अर्थ बोर्दो वाईट होती असा नाही. १९७६ मध्ये परीक्षकांचं आपसांतही एकमत नव्हतं, आणि १० बाटल्यांवरून देशाची पारख होत नाही. पण त्या दुपारी एक कळलं: इतकी वर्षं जिभेच्या आधी डोळे लेबल वाचत होते.

ही गोष्ट मला टोचते, त्याचं कारण सांगतो. नोकरीत काही काळ मी होतकरू अधिकाऱ्यांच्या निवडीचं काम केलं. तिथे मुलांच्या छातीवर नंबर असतो. मुलाला नंबरानंच हाक मारायची. एकदा एका मुलाचे वडील कोण, हे माझ्या कानावर आलं. ते माझ्या आदरातले अधिकारी. मुलगा अडखळला की मला तो विचारी वाटे. दुसरा अडखळला की गोंधळलेला. शेवटच्या बैठकीत इतर दोन परीक्षकांचे गुण माझ्याशी जुळेनात. त्यांनी त्याला फक्त नंबर म्हणून पाहिलं होतं. मुलाची निवड झाली नाही, आणि ते योग्यच होतं. मात्र त्या गटात माझ्या हातून ज्याचे गुण कमी पडले, तो दुसरा मुलगा मला अजून आठवतो. त्याचा नंबर सात होता. नाव मला कधीच कळलं नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.