जपानी रॉक संगीताचा परदेशी श्रोतृवर्ग

जपानी रॉक संगीताचा परदेशी श्रोतृवर्ग म्हणजे जपानबाहेर राहून जपानी रॉक संगीत (संक्षेपाने 'जे-रॉक') ऐकणारा समुदाय. यातील बहुसंख्य श्रोत्यांना जपानी भाषा येत नाही. जपानी रॉक परदेशी पोहोचण्यासाठी इंग्रजीत गायले जावे की जपानीत, हा प्रश्न या संगीताच्या आरंभापासून चर्चेत राहिला आहे.

भाषेचा वाद

इ.स. १९६६ मध्ये द बीटल्सचे कार्यक्रम तोक्योच्या निप्पॉन बुदोकान सभागृहात झाले. याच सुमारास जपानमध्ये 'ग्रुप साउंड्स' नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाद्यवृंदांची लाट आली. १९७० च्या आसपास रॉकची भाषा कोणती असावी यावर जपानी संगीतवर्तुळात वाद झडला. गायक व निर्माते युया उचिदा यांचा पक्ष इंग्रजीचा होता, कारण जगापुढे जायचे तर इंग्रजीतच गायले पाहिजे असे त्यांचे मत होते. त्यांनी उभा केलेला फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड हा वृंद १९७० च्या अखेरीस कॅनडाला गेला. त्याचा 'सातोरी' (१९७१) हा अल्बम इंग्रजीत आहे.

याउलट हॅपी एंड या वृंदाने जपानीतच गाण्याचा आग्रह धरला. हारुओमी होसोनो, एइइची ओताकी, ताकाशी मात्सुमोतो आणि शिगेरू सुझुकी हे त्याचे सदस्य होते. त्यांचा 'काझेमाची रोमान' (१९७१) हा अल्बम जपानी भाषेतील रॉकचा पाया मानला जातो. पुढे त्यातील 'काझे ओ आत्सुमेते' हे गीत 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' (२००३) या अमेरिकी चित्रपटात वापरले गेले आणि अनेक परदेशी श्रोत्यांना या वृंदाची ओळख त्यातूनच झाली. परदेशाचा विचार न करता जपानीत केलेले गीत अशा रीतीने तीस वर्षांनी परदेशी पोहोचले.

परदेशातील प्रारंभीचे प्रयत्न

सॅडिस्टिक मिका बँडने १९७५ मध्ये रॉक्सी म्युझिकसोबत ब्रिटनचा दौरा केला. ओसाकाच्या लाउडनेस या हेवी मेटल वृंदाचा 'थंडर इन दी ईस्ट' (१९८५) हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत ७४ व्या स्थानापर्यंत गेला. अमेरिकी बाजारपेठेत अधिक शिरकाव व्हावा या हेतूने १९८८ मध्ये मूळ गायक मिनोरू नीहारा यांच्या जागी अमेरिकी गायक माइक व्हेसेरा यांना घेण्यात आले. मात्र पूर्वीचे यश पुन्हा मिळाले नाही.

याच शहरातील शोनेन नाइफ या स्त्रियांच्या वृंदाची वाट वेगळी होती. अमेरिकेतील छोट्या स्वतंत्र प्रकाशनसंस्था आणि तेथील संगीतकार यांच्यामार्फत त्यांचे नाव पसरले. १९९१ मध्ये त्यांनी निर्वाणासोबत ब्रिटनचा दौरा केला.

एक्स जपान या वृंदाने १९९२ मध्ये न्यू यॉर्क येथे अमेरिकेतील पदार्पणाची घोषणा केली. तेथे 'एक्स' नावाचा वृंद आधीच असल्याने त्यांनी नावाला 'जपान' जोडले. अमेरिकेसाठीचा अल्बम तेव्हा निघाला नाही आणि १९९७ मध्ये वृंद विसर्जित झाला. तरीही त्यांच्या भडक वेशभूषेच्या 'व्हिज्युअल केई' शैलीला युरोप व अमेरिकेत चाहते मिळत गेले. २००७ मध्ये पुन्हा एकत्र आल्यावर २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला.

ॲनिमेमार्गे ओळख

२००० नंतर बहुतेक नव्या श्रोत्यांचा प्रवेश ॲनिमेमालिकांच्या शीर्षकगीतांतून होऊ लागला. 'नारुतो' मालिकेतील एशियन कुंग-फू जनरेशनचे 'हारुका कानाता' आणि 'फुलमेटल अल्केमिस्ट'मधील लार्क-आँ-सिएल या वृंदाचे 'रेडी स्टेडी गो' ही याची परिचित उदाहरणे आहेत. मालिकेत गीताचा सुमारे दीड मिनिटाचाच भाग येतो. पूर्ण गीत शोधता शोधता श्रोता त्या वृंदाच्या इतर अल्बमांपर्यंत जातो. लार्क-आँ-सिएलचा अमेरिकेतील पहिला कार्यक्रमही २००४ मध्ये बाल्टिमोर येथील ओटाकॉन या ॲनिमे संमेलनात झाला.

ध्वनिमुद्रणांची उपलब्धता

जपानमध्ये सीडी ठरावीक किमतीलाच विकण्याची पद्धत कायद्याने मान्य आहे. पूर्ण अल्बमची किंमत साधारणतः ३,००० येनच्या आसपास असते. त्यावर टपालखर्च व सीमाशुल्क आल्याने परदेशी श्रोत्याला ती फार महाग पडे. त्यामुळे कॅसेटची देवाणघेवाण आणि पुढे इंटरनेटवरील अनधिकृत प्रती हेच अनेकांचे साधन राहिले.

या व्यवहारातील नैतिक पेच ले रालीझ देनुदे या क्योतोच्या वृंदाच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या वृंदाच्या अधिकृत सीडी १९९१ मध्ये निघाल्या, त्याही तीनच. त्यांची परदेशातील कीर्ती मुख्यतः चोरट्या ध्वनिमुद्रणांवर उभी राहिली. या प्रतींमुळे संगीत टिकले व पसरले, परंतु विक्रीचा पैसा वादकांना मिळाला नाही. प्रमुख गायक ताकाशी मिझुतानी यांचे २०१९ मध्ये निधन झाले आणि अधिकृत पुनर्प्रकाशन त्यानंतर, २०२२ पासून सुरू झाले.

फिशमान्स या वृंदालाही परदेशी कीर्ती उशिरा मिळाली. गायक शिंजी सातो यांचे मार्च १९९९ मध्ये निधन झाले. त्यांच्या 'लाँग सीझन' (१९९६) या अल्बमची महती परदेशात नंतरच्या काळात, प्रामुख्याने इंटरनेटवरील श्रोत्यांच्या परस्पर शिफारशींतून वाढली.

भाषा आणि लिप्यंतर

परदेशी चाहते गीतांचे रोमन लिप्यंतर व भाषांतर स्वतः करून ते इतरांना उपलब्ध करून देतात. जपानीत ऱ्हस्व-दीर्घ भेदाने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि साध्या रोमन लेखनात हा भेद बहुधा गळतो. देवनागरीत इ-ई व उ-ऊ यांचा भेद दाखवता येतो, परंतु जपानीतील ऱ्हस्व व दीर्घ ए-ओ यांचा भेद रूढ मराठी लेखनात दाखवता येत नाही. वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद आणि नामानंतर जोडले जाणारे प्रत्यय ही जपानीची वैशिष्ट्ये मराठीतही असल्याने मराठी श्रोत्याला गीताची वाक्यरचना तुलनेने ओळखीची वाटू शकते.

भारताशी संबंध

२०१० मध्ये स्थापन झालेल्या बेबीमेटल या वृंदाने मुख्यतः जपानीत गाऊन परदेशात मोठा श्रोतृवर्ग मिळवला. २०१६ मध्ये लंडनच्या वेम्बली अरीना येथे त्यांचा कार्यक्रम झाला. २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या ब्लडीवूड या मेटल वृंदासोबत त्यांनी 'बेखौफ' आणि 'कोन! कोन!' ही गीते केली.

हेही पहा

जपानचे संगीत
ॲनिमे
व्हिज्युअल केई
हेवी मेटल