संगणकापासून स्टिरिओपर्यंत: प्रस्तावना

अनेक घरांत संगीताचा संसार आज दोन ठिकाणी विभागलेला आहे. दिवाणखान्यात जुना, भरदार आवाजाचा स्टिरिओ असतो. त्याचे अँप्लिफायर आणि लाकडी पेटीतले स्पीकर अजून उत्तम चालतात. संगीताचा संग्रह मात्र आतल्या खोलीतल्या संगणकावर असतो: सीडींवरून उतरवून घेतलेले ख्याल, कॅसेटवरून वाचवलेली नाट्यपदे, कोणी प्रेमाने दिलेली खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे. या दोहोंमधले अंतर तार न ओढता कसे पार करावे, हा या अभ्यासाचा विषय आहे. तो उपकरणांच्या माहितीपत्रकापुरता आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती. या साध्या दिसणाऱ्या सोयीच्या तळाशी काळाविषयीचा एक सुंदर प्रश्न दडलेला आहे आणि तो सोडवण्यात कंपन्यांइतकाच हौशी अभ्यासकांचाही वाटा आहे.

आधी प्रश्न समजून घेऊ. सीडीवर ध्वनी आकड्यांच्या रूपात असतो. प्रत्येक सेकंदाला डाव्या आणि उजव्या बाजूसाठी ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा; म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. १९९९ साली प्रमाणित झालेल्या वायफायचा कागदोपत्री वेग सेकंदाला १ कोटी १० लाख बिट होता. प्रत्यक्षात त्याच्या निम्माच हाती लागला, तरी संगीताला तो पुरून उरतो. मग अडचण कुठे होती? अडचण वेगाची नव्हती, नियमितपणाची होती. आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या चिपला दर २२.७ मायक्रोसेकंदांनी पुढचा नमुना हवा असतो. तिथे उशीर खपत नाही. वायफायवरून आकडे मात्र लहान लहान पॅकेटांत येतात. एखादे पॅकेट रेंगाळते, एखादे हरवते आणि पुन्हा मागवावे लागते. शेजाऱ्याचा राउटर आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन हेही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वावरत असतात.

यावरचा उपाय बफर. नळाला पाणी येते तेव्हा येते, पण गच्चीवरची टाकी भरलेली असली की स्वयंपाकघरातला नळ दिवसभर सारखा वाहतो. बफरचे काम नेमके तेच. काही क्षणांचे संगीत आधीच साठवून ठेवायचे आणि मग संथपणे वाजवत राहायचे. याची किंमत म्हणजे विलंब. संगणकावर कळ दाबल्यावर स्टिरिओतून पहिला स्वर यायला सेकंद-दोन सेकंद लागले, तर तो बिघाड समजू नये. तो विलंब जाणूनबुजून ठेवलेला आहे आणि सलग, अखंड संगीत त्याच्याच बळावर ऐकू येते.

या क्षेत्राचा इतिहास लहान असला तरी वाचनीय आहे. अमेरिकेत शॉन ॲडम्स यांनी स्थापन केलेल्या स्लिम डिव्हाइसेस या छोट्या कंपनीने २००१ साली स्लिम्प३ नावाचा वादक, म्हणजे संगणकावरचे संगीत स्टिरिओवर वाजवणारी पेटी, बाजारात आणला. त्याला नेटवर्कची तार लागे. २००३ साली त्याच कंपनीचा स्क्वीझबॉक्स आला आणि तारही गेली. या घराण्याचे खरे मोठेपण पेटीत नव्हते, तिच्या मागच्या सर्व्हरमध्ये होते. पर्ल भाषेतला हा प्रोग्राम सर्वांना खुला होता, घरच्या संगणकावर चालत होता आणि जगभरचे हौशी प्रोग्रामर त्यात भर घालत होते. २००६ साली लॉजिटेकने कंपनी विकत घेतली, २०१२ साली ही उपकरणे बनवणे थांबवले आणि २०२४ साली त्यांच्यासाठी चालवलेली इंटरनेट सेवाही बंद केली. तरीही ती जुनी उपकरणे आज वाजत आहेत, कारण सर्व्हर घरात आहे आणि त्याचा सांभाळ करणारे लोक आहेत. आता त्याचे नाव लिरियन म्युझिक सर्व्हर. मला ही हकिकत या विषयातली सर्वांत अभिमानाची वाटते.

दुसरी वाट ॲपलची. २००४ च्या जून महिन्यात जाहीर झालेले एअरपोर्ट एक्स्प्रेस थेट भिंतीतल्या सॉकेटात बसत असे. त्याला ध्वनीसाठी एकच लहानसे छिद्र होते. त्यातून साधी तार किंवा प्रकाशतंतू, दोन्ही जोडता येत. आयट्यून्समधले संगीत दर्जा न घटवता, पण कूटबद्ध होऊन तिथे पोहोचे. त्यामुळे ॲपलबाहेरच्या प्रोग्रामांना दार बंद होते. त्याच वर्षी नॉर्वेच्या योन लेक योहान्सन यांनी एअरपोर्ट एक्स्प्रेसला संगीत पाठवण्यासाठी लागणारी किल्ली प्रसिद्ध केली. २०११ साली जेम्स लेअर्ड यांनी त्याच उपकरणातून संगीत स्वीकारण्याची गुप्त किल्ली काढून शेअरपोर्ट हा प्रोग्राम लिहिला. तेव्हापासून साधा लिनक्स संगणकही ॲपलच्या या प्रसारणपद्धतीचा, म्हणजे एअरप्लेचा, श्रोता होऊ शकला. आज रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर हौशी मंडळी जे करतात, त्याचा बराचसा पाया इथे आहे.

एका खोलीचा प्रश्न सुटला की दुसऱ्या खोलीचा उभा राहतो आणि इथे विषय खऱ्या अर्थाने खोल होतो. प्रत्येक उपकरणात काळ मोजणारा एक स्फटिक असतो. दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्यात दहा लाखांत ५० इतका फरक असला, तरी तासाभरात दोन स्टिरिओ ०.१८ सेकंदाने वेगळे पडतात आणि घरात प्रतिध्वनी घुमू लागतो. म्हणून सर्व उपकरणांनी एकाच घड्याळाशी स्वतःला सतत जुळवून घ्यावे लागते. कुठे एखादा नमुना वाढवायचा, कुठे एखादा गाळायचा. किती अचूकता हवी, हे कानावर ठरते. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या खोलीतला आवाज तसाही २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्यामुळे दोन खोल्यांमध्ये काही मिलिसेकंदांची तफावत चालून जाते. पण डावा आणि उजवा स्पीकर ही दोन वेगवेगळी बिनतारी उपकरणे असतील, तर हीच तफावत घातक ठरते. आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखताना मेंदू दोन कानांमधला मिलिसेकंदाहूनही कमी फरक वापरतो. जुळणी ढळली, तर मधोमध बसलेला गायक एका बाजूला सरकतो.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. ते सोपे आहे आणि जवळच्या अंतरावर उपयोगी आहे, पण त्यात ध्वनी सहसा पुन्हा आकसला जातो आणि एका भिंतीपलीकडे त्याचा भरवसा उरत नाही. संपूर्ण घराचा विचार असेल, तर वायफायच धरावे.

सुरुवात कशी करावी? एक संगणक, एक स्टिरिओ आणि मधला एक वादक, एवढेच घ्या. वादकाची लाल-पांढरी तार अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ लिहिलेल्या जागी जोडा. ‘फोनो’ लिहिलेली जागा तबकडीच्या सुईसाठी असते. ती क्षीण ध्वनी कितीतरी पट वाढवते आणि खर्जाला जास्तच उचलते. तिथे हा वादक जोडला, तर आवाज फाटेल. आवाजाची पातळी संगणकावर पूर्ण ठेवून अँप्लिफायरच्या खुंटीने कमी-जास्त करावी. राउटर लोखंडी कपाटामागे ठेवू नये. आपल्याकडच्या काँक्रीटच्या भिंती आणि त्यांतल्या सळ्या लहरींना चांगलाच अडथळा करतात, तेव्हा राउटरची जागा दोन-तीनदा बदलून पाहणे नवे उपकरण विकत घेण्यापेक्षा पुष्कळदा फलदायी ठरते. उपकरण निवडताना एक प्रश्न अवश्य विचारा: बनवणारी कंपनी उद्या या धंद्यातून बाहेर पडली, तर हे वाजेल का?

शेवटी संग्रहाविषयी, कारण मराठी श्रोत्याला इथे स्वतःचे काम करायचे आहे. विलंबित ख्यालाला लागूनच द्रुत येते, तबला थांबत नाही. पण सीडीवर हे बहुधा दोन तुकडे असतात. एमपी३ करताना प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे थोडी शांतता चिकटते आणि खबरदारी घेतली नाही तर ऐन सांध्यावर ठेका तुटतो. जॉश कोल्सन यांनी २००१ साली खुल्या केलेल्या फ्लॅकमध्ये तसे होत नाही आणि मूळ ध्वनीचा एकही बिट गळत नाही. फायलीतल्या माहितीचाही प्रश्न आहे. एमपी३साठी १९९६ साली सुचवलेल्या पहिल्या नोंदीत नावाला जेमतेम ३० अक्षरांची जागा होती आणि गायक, अल्बम, वर्ष असे ठराविक रकाने होते. राग कुठे लिहायचा? फ्लॅकमध्ये रकान्याचे नाव तुम्ही स्वतः ठरवू शकता आणि रकान्यातला मजकूर युनिकोडमध्ये असल्याने तो देवनागरीत भरता येतो. तेव्हा राग, ताल, साथीदार आणि ध्वनिमुद्रणाचे ठिकाण असे चार रकाने पहिली सीडी उतरवतानाच ठरवून घ्या. नंतर सर्व्हरला त्यांवरून याद्या करायला शिकवता येते: घरातले सगळे यमन एका जागी, सगळे झपताल एका जागी. हे रकाने तयार मिळत नाहीत, ज्याचे त्याने भरायचे असतात.