‘ॲक्सेस’ची कुळकथा

सी भाषेत फाइल आहे की नाही हे बघायचं, तर बरेच जण ‘ॲक्सेस’ या फंक्शनला हाक मारतात. फाइलचं नाव आणि सोबत शून्य द्यायचं. उत्तर शून्य आलं तर फाइल आहे. उणे एक आलं तर ती नाही, किंवा वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीत शिरायलाच मनाई आहे. पण ॲक्सेसचा जन्म या कामासाठी झालेला नाही.

युनिक्समध्ये पासवर्डची फाइल रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या मालकीची. इतरांना तिच्यात लिहिता येत नाही, पण स्वतःचा पासवर्ड तर प्रत्येकाला बदलता आला पाहिजे. बेल लॅब्जमधल्या डेनिस रिचीने यावर तोड काढली ती सेटयुआयडी बिटची. प्रोग्रामच्या फाइलवर हा बिट लावला की प्रोग्राम कुणीही चालवो, अधिकार त्या फाइलच्या मालकाचे मिळतात. १९७१च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये हा बिट आहे. १९७९मध्ये त्याचं पेटंटही मिळालं. माझ्या मते युनिक्समधली ही सर्वांत सुंदर कल्पना, आणि सर्वांत धोक्याचीही.

कारण रूटच्या मालकीचा असा प्रोग्राम वापरकर्त्याने सांगितलेली फाइल उघडायला गेला, तर कर्नल त्याला रूट समजून काहीही उघडू देतं. मग ‘मला चालवणाऱ्या माणसाला ही परवानगी आहे का?’ हे विचारायचं कसं? त्यासाठी १९७९च्या सातव्या आवृत्तीत ॲक्सेस आलं. ते उसन्या अधिकाराकडे बघतच नाही, खऱ्या वापरकर्त्याचा आयडी तपासतं. वाचायला चार, लिहायला दोन, चालवायला एक; परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉडमधलेच आकडे. शून्य म्हणजे हक्काचं काही विचारायचं नाही, फाइल आहे का एवढंच.

घात झाला तो विचारणं आणि उघडणं यांच्या मधल्या क्षणात. ॲक्सेसने ‘हो’ म्हटलं, की ओपन होण्याआधी हल्लेखोर त्याच नावाखाली पासवर्डच्या फाइलकडे जाणारी सिंबॉलिक लिंक ठेवतो. नाव तेच, फाइल दुसरी. आणि ओपन चालतं रूटच्या अधिकाराने. एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्रामच्या लॉग लिहिण्याच्या सोयीत अशीच फट निघाली. १९९३मध्ये सर्ट या संगणक-सुरक्षेच्या संस्थेला त्याबद्दल इशारा द्यावा लागला. २००४मध्ये डीन आणि हू या संशोधकांनी तपासणी पुन्हापुन्हा करून ही फट बुजवायचा उपाय मांडला. बोरिसोव्ह आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी तोही मोडून दाखवला.

म्हणून सेटयुआयडी प्रोग्रामने आधी उसना अधिकार खाली ठेवावा, मग सरळ ओपन करावं. परवानगी नसेल तर कर्नल तिथेच अडवतं, आणि कारण एररनो या व्हेरिएबलमध्ये मिळतं.